अर्धी घटिका अ‍ॅडजस्ट

नागपूरच्या महाल भागात मी चव्वेचाळीस वर्षे पौरोहित्य करीत आलो आहे. या काळात ‘स्वस्ति’ हा शब्द मी जितक्या वेळा उच्चारला असेल, त्याहून अधिक वेळा ‘अ‍ॅडजस्ट’ हा शब्द माझ्या कानांवर पडला. हे मी विनोदाने सांगत नाही. त्या एका शब्दाने माझ्या हातून जे घडवले, ते लिहून ठेवल्याखेरीज देवापुढे स्वस्थ बसवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाठशाळेत आम्हा विद्यार्थ्यांकडून रोज संस्कृत क्रियापदांचा धातुपाठ म्हणवून घेतला जाई. मध्येच एखादा धातू सुटला की पुन्हा आरंभापासून. त्या शिस्तीत वाढल्यामुळे माझी अशी प्रामाणिक समजूत झाली होती की, माणसाला जे जे करता येते त्या प्रत्येक क्रियेसाठी आपल्याकडे धातू आहे. ही समजूत माझ्या पहिल्याच वर्षी नंदनवन वस्तीतल्या एका मांडवात मोडली. मुहूर्ताला थोडा अवधी उरला असताना वधूचा मामा धावत आला.

“गुरुजी, मुहूर्त जरा अ‍ॅडजस्ट करा नं. नवरदेव आत्ताच आंघोळीले गेला.”

मला तेव्हा इंग्रजी फारसे येत नव्हते. मी शांतपणे विचारले, “म्हणजे नेमके काय करू?”

मामा गोंधळला. त्याने वर मांडवाकडे पाहिले, खाली आपल्या जोड्यांकडे पाहिले आणि म्हणाला, “अ‍ॅडजस्ट म्हणजे… अ‍ॅडजस्टच करायचं जी!”

पुढे त्याचा अर्थ मला लोकांनीच शिकवला. होमाचा धूर व्हिडिओवाल्याच्या डोळ्यांत गेला की अग्नी अ‍ॅडजस्ट करायचा. व्यासपीठावर सोफे मांडल्यामुळे जागा उरली नाही की सप्तपदीची सात पावले चार पावलांच्या जागेत अ‍ॅडजस्ट करायची. तिघांच्या सोफ्यावर चौथी आत्याबाई बसतात, त्याही अ‍ॅडजस्ट होऊनच. आणि पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या मुलीला कवेत घेऊन प्रत्येक मावशी, काकू आणि शेजारीण जो एकच उपदेश करते, तोही हाच. बराच काळ निरीक्षण केल्यावर या क्रियापदाचे एक लक्षण माझ्या ध्यानी आले. ते उच्चारणारा माणूस स्वतः कधी तसूभरही हलत नाही. सरकायचे असते ते ऐकणाऱ्याने.

हे कळूनही मंगलाष्टकांनंतरच्या आशीर्वादात मी तेच वाक्य बोलू लागलो होतो. “बाळ, सासरी थोडे अ‍ॅडजस्ट करावे लागते.” वऱ्हाडी माना डोलावत. गुरुजी काळाबरोबर चालतात, अशी माझी ख्याती झाली होती.

माझ्या व्यवसायातले एक उपकरण येथे समजावून सांगायला हवे. माझ्या आजोबांपासून आमच्याकडे घटिकापात्र आहे. तांब्याची लहानशी वाटी, तिच्या बुडाला सुईने पाडावे तसे छिद्र. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी आत चढते आणि बरोबर चोवीस मिनिटांनी वाटी बुडते. ती एक घटिका. हल्ली प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ असते, तरी मी मांडवाच्या कोपऱ्यात ते पात्र ठेवतोच. घड्याळाला मागेपुढे करता येते, पाण्याला कोणी समजावू शकत नाही, म्हणून मला ते प्रिय आहे.

पौरोहित्यासोबत मी पत्रिका लिहीत असे. ज्या क्षणी जीव पहिला श्वास घेतो, त्या क्षणी पूर्व क्षितिजावर जी राशी उगवत असते, तिला प्रथम स्थान मानून बाकीचे ग्रह मोजायचे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवले तरी पुरे. ती राशी साधारण दोन तासांनी बदलते. त्या बदलाच्या उंबरठ्यावर जन्म झाला असेल, तर काही मिनिटांच्या फरकाने सगळे ग्रह एकेक घर सरकतात. सातवे घर जोडीदाराचे. तेथे किंवा आठव्या घरात मंगळ असला की लोक स्थळ सांगून आलेल्या घरात पाणीसुद्धा न घेता उठतात.

काटोलच्या वासुदेवरावांच्या मुलीच्या, मंजिरीच्या, सातव्या घरात मंगळ होता. वासुदेवरावांची संत्र्याची बाग होती. मुलगी तालुक्यातल्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करी. एका दुपारी ते तिला घेऊन माझ्याकडे आले.

“गुरुजी, तिसरं स्थळ मोडलं.”

“मंगळ सप्तमात आहे, वासुदेवराव. मी तो तेथे ठेवलेला नाही.”

“तुम्ही नाही ठेवला, पण तुम्हाले हलवता तर येते नं?”

 ते पुढे सरसावून म्हणाले, “मागच्या खेपेस तुम्हीच बोलले होते का, पोरगी जरा उशिरा जन्मली असती तर मंगळ सहाव्यात गेला असता. पाच चाळीसच्या जागी पाच बावन्न लिहा. बारा मिनिटांची तर गोष्ट आहे. करा नं जी थोडं अ‍ॅडजस्ट.”

“हे पाप आहे,” मी म्हणालो. “जन्माचा क्षण आईबापांचाही नसतो. तो ज्याने दिला त्याचा असतो.”

तेवढ्यात मंजिरी बोलली. दाराशी उभी राहून ती माझ्या अंगणातल्या पारिजातकाकडे पाहत होती. “बाबा, गुरुजींना काहून त्रास देता? मी नाही करत लग्न.” उद्या दूध नको, असे गवळ्याला सांगावे इतक्या सहज तिने ते म्हटले. ती रडली असती, तर मी तिला धीर देऊन परत पाठवले असते. तिच्या त्या निर्विकार स्वराने माझा पाय घसरला.

त्या संध्याकाळी मी पाच वाजून बावन्न मिनिटे असे लिहिले. वर नेहमीप्रमाणे श्रीकार काढला. मनाची समजूत घातली की प्रसूतिगृहाच्या भिंतीवरचे घड्याळ कोठे पंचांगाला विचारून चालते? पुढेमागे असेलच. विद्वत्तेचा हा एक मोठा दोष आहे. तिच्यापाशी प्रत्येक चुकीसाठी कारण तयार असते.

वर्षाच्या आत सावनेरचे स्थळ जुळले. मुलाचे नाव निखिल, वडील निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दोन्ही पत्रिका माझ्यासमोर आल्या. दोन्ही निर्मळ, मंगळाचा कोठे स्पर्श नाही. लग्नाला वरात इतकी नाचत आली की मुहूर्ताची वेळ होऊन गेल्यावर माझे पात्र चार वेळा बुडाले. अंतरपाटामागे मंजिरी हातात माळ धरून तेवढा वेळ उभी होती. मी तिला माझा नेहमीचा आशीर्वाद दिला, शब्दासकट.

त्यानंतर पाच वर्षांनी वासुदेवरावांचा दूरध्वनी आला. त्यांचा आवाज ओळखू येईना.

निखिलची मोटरसायकल कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर घसरली होती. पाय दोन ठिकाणी मोडला. मंजिरीने रजा काढून त्याची सारी शुश्रूषा केली. तो काठी घेऊन चालू लागला तेव्हा मास्तर कोणा ज्योतिषाकडे गेले. ज्योतिषाने सुनेची नेमकी जन्मवेळ मागितली. मी वेळ बदलायला नकार दिला असेच मंजिरी समजत होती; नंतर लिहिलेली पत्रिका तिने कधी पाहिलीच नव्हती. आईच्या पेटीतले प्रसूतिगृहाचे जुने कार्ड तिने सरळपणे काढून दिले. त्यावर पाच चाळीस होते. ज्योतिषाने मंगळ सातव्यात मांडला, आणि मुलाचा पाय सुनेने मोडला, असा निर्णय त्या घरात झाला. ‘प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत’ तिला काटोलला पाठवण्यात आले. त्याला दोन महिने लोटले होते.



“उद्या दुपारी सगळे तुमच्याकडे येऊन राहिले,” वासुदेवराव म्हणाले. “मास्तर म्हणतात, गुरुजी सांगतील ते अखेरचं. तुम्ही फक्त एवढं म्हणजा का, कार्डावर नर्सनं चुकीचं लिहिलं. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. पोरीचा संसार आहे, गुरुजी. शेवटचं एकदा अ‍ॅडजस्ट करा.”

त्या माणसाचे म्हणणे व्यवहाराने खरे होते. मी एक असत्य बोललो असतो तर मंजिरी त्याच दिवशी आपल्या घरी गेली असती. सत्य बोललो, तर ते दार माझ्याच हाताने बंद होणार होते. जपाला बसलो, पण माळेतला मणी पुढे सरकेना.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य आटोपताच मंडळी आली. मास्तर, त्यांच्या पत्नी कुसुमताई, काठी टेकत निखिल. दुसऱ्या बाजूला वासुदेवराव आणि मंजिरी. तिच्या पायाशी कपड्यांची बॅग होती. बहुधा वडिलांनी आणवली असावी. मास्तरांनी दोन कागद माझ्या चौरंगावर ठेवले. एक पिवळे पडलेले कार्ड. दुसरी माझ्या हस्ताक्षरातली, श्रीकारांकित पत्रिका.

“गुरुजी, यातलं खरं कोणतं?”

स्वतःचे हस्ताक्षर आरोपीसारखे पुढ्यात यावे, हा अनुभव मला नवीन होता. वासुदेवराव डोळ्यांनी विनवत होते. मी मंजिरीकडे पाहिले. ती कोणाकडेच पाहत नव्हती.

“कार्ड खरे आहे,” मी म्हणालो. “पत्रिकेतली वेळ खोटी आहे. ती मी जाणूनबुजून लिहिली. मी ती बदलल्याचे मुलीला ठाऊक नव्हते. दोष माझा आहे, आणि त्याचे जे शासन असेल ते मला करा.”

वासुदेवरावांनी कपाळावर हात मारला. मास्तर ताडकन उठले. “पाह्यलं? पाह्यलं का? मी म्हणत होतो नं! फसवणूक आहे ही, सरळ सरळ फसवणूक!”

“बसा जी खाली,” कुसुमताई म्हणाल्या.

त्या बाईंचा आवाज मी त्या दिवसापर्यंत ऐकला नव्हता. मास्तरांनाही तो अनपेक्षित असावा. ते बसले.

“एवढे म्हातारे गुरुजी खरं बोलून राहिले, मग मी काहून गप्प बसू? आपल्या निखिलचंही अ‍ॅडजस्ट केलं होतं नं.”

“तुले कोणी विचारलं वं?”

“कोणी नाही विचारलं. म्हणून तर पाच वर्षं बोलली नाही. याच्या आठव्यात मंगळ होता, गुरुजी. हेच गेले होते तिकडच्या पंडितजीकडे, मिठाईचा डबा घेऊन.”

मास्तरांचा चेहरा पडला. मग ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “ते वेगळं होतं. आम्ही वीस मिनिटं मागं घेतलं फक्त.”

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. जो मनुष्य क्षणापूर्वी फसवणूक म्हणून गरजत होता, त्याला आपल्या वीस मिनिटांत आणि माझ्या बारा मिनिटांत खरोखरच भेद दिसत होता! मी पंचांग ओढले. निखिलची खरी वेळ कुसुमताईंना तोंडपाठ होती. दोन्ही कुंडल्या नव्याने मांडल्या, पुन्हा तपासल्या आणि लेखणी खाली ठेवली.

वाचकांना हे सांगितले पाहिजे की, वधू आणि वर दोघांनाही मंगळ असेल तर शास्त्र त्या विवाहाला बाधा मानत नाही. उलट अशी जोडी मिळावी म्हणून मंगळाच्या मुलींचे वडील गावोगाव फिरतात. वासुदेवराव ज्या वराच्या शोधात तीनदा अपमान गिळून आले होते, तो हाच होता. दोन घरांनी आणि दोन पंडितांनी आपापल्या जागी खोटेपणा केला नसता, तर या दोघांची पत्रिका प्रथमदर्शनी, निर्मळ मनाने जुळली असती. परमेश्वराने जे नीट जुळवून ठेवले होते, ते आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी मोडले आणि त्यावर खोट्याचा जोड देऊन तेच लग्न लावले. मी हे सर्वांना सांगितले तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटत होता.

 मग मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

“म्हणजे झालं नं अ‍ॅडजस्ट! यांचंही खोटं, आपलंही खोटं, फिटंफाट!” ते हसलेसुद्धा. “चल बेटा, उचल बॅग. गाडी बाहेर उभी आहे.”

वासुदेवराव डोळे पुसून बॅग उचलायला वाकले. मला वाटले, सुटलो. देवाकडे पाहून मी हात जोडले.

“बाबा, बॅग ठेवा,” मंजिरी म्हणाली.

तिचा स्वर तोच होता, पारिजातकाकडे पाहतानाचा.

“मी रोज रक्ताच्या नळीवर वेळ लिहिते. चुकीची पडली तर तो नमुना फेकून देते, पेशंटले पुन्हा बोलावते, शिव्या खाते. आणि माझ्या जन्माची वेळ तुम्ही सगळ्यांनी बसून बदलली. मले विचारलंही नाही. आज यांनाही मंगळ निघाला म्हणून मी चांगली झाली. नसता निघाला तर?”

“अवं, आता निघाला नं,” मास्तर म्हणाले.

“नसता निघाला तर?” तिने पुन्हा विचारले, आणि या खेपेस ती निखिलकडे पाहत होती. “दोन महिने झाले. तुमच्या पायाच्या पट्ट्या मी बदलल्या. मी गेली तेव्हा तुम्ही एक शब्द नाही बोलले.”

निखिलची मान खाली होती. “बाबा म्हणाले, थोडे दिवस अ‍ॅडजस्ट कर…”

“हो. सगळे तेच म्हणतात.” मग ती माझ्याकडे वळली. “तुम्हीही म्हटलं होतं, गुरुजी. लग्नात.”

आयुष्यात मला अनेकांनी नमस्कार केले. काहींनी कठोर शब्दही ऐकवले. परंतु त्या मुलीने तक्रारीचा लवलेशही न आणता उच्चारलेल्या त्या वाक्याने मी जितका हादरलो, तितका कधीच हादरलो नाही.

“माझी खरी पत्रिका लिहून द्या,” ती म्हणाली. “आत्ता.”

मी लिहिली. पाच वाजून चाळीस मिनिटे. तळाशी असेही लिहिले की, पूर्वी दिलेली वेळ मी बुद्धिपुरस्सर बदलली होती, आणि खाली स्वाक्षरी केली. तिने कार्डाशेजारी ठेवून आकडा ताडून पाहिला, नळीवरची चिठ्ठी पाहावी तसा, आणि दोन्ही कागद पर्समध्ये ठेवले. मग निखिलला म्हणाली, “रविवारी काटोलला या. एकटे. दहा वाजता. दहा म्हणजे दहा. आणि गुरुजी, तुम्हीही याल? तुमची ती तांब्याची वाटी घेऊन.”

रविवारी सकाळी एस.टी.ने मी काटोलला पोहोचलो. वासुदेवरावांच्या अंगणात पाण्याने भरलेले घंगाळ तयार होते. दहाला पाच मिनिटे कमी असताना फाटकाबाहेर काठीचा आवाज आला. विदर्भातला नवरदेव वेळेआधी आलेला मी प्रथमच पाहिला. निखिल फाटकाशीच थांबला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. बसस्थानकापासून तो चालत आला असावा. दहाचे ठोके पडले तेव्हा त्याने फाटक उघडले.

मंजिरी ओसरीवर आली. “गुरुजी, सोडा वाटी.” एवढे बोलून ती आत गेली.

मी पात्र पाण्यावर ठेवले. निखिल अंगणात उभा राहिला. उन्ह चढत होते. वासुदेवराव लगबगीने खुर्ची घेऊन आले. निखिलने मानेनेच नको म्हटले. काही वेळाने त्याचा मोडलेला पाय थरथरू लागला. वासुदेवरावांना ते पाहवेना. ते दाराकडे वळून म्हणाले, “अवं बाई, पाहुणा उन्हात उभा आहे, थोडं अ‍ॅ…”

शब्द त्यांच्या ओठांवरच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी पाण्याकडे.  छिद्रातून पाणी वर चढत होते, आपल्या गतीने.

वाटी अर्धी भरली. अर्धी घटिका, म्हणजे बारा मिनिटे, मी तिच्या जन्मवेळेत सरकवली होती तेवढीच. त्याच क्षणी मंजिरी बाहेर आली. तिच्या हातात बॅग होती.

“दुखला का पाय?” तिने विचारले.

“दुखला,” निखिल म्हणाला. मग थोडे थांबून, “मी बोलायला पाहिजे होतं, मंजिरी.”

 बॅग तिने स्वतःच धरली. त्याचा मोकळा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघे फाटकाबाहेर पडली. त्याला जमेल तितक्या बेताने ती चालत होती, आणि त्यांच्याकडे पाहत मी अंगणात तसाच उभा होतो.

त्या दिवसापासून मी पत्रिका लिहिणे सोडले. आशीर्वादातला तो शब्दही सोडला. आता वधूवरांना केवळ ‘सुखिनौ भवतम्’ म्हणतो आणि गप्प बसतो. वऱ्हाडी म्हणतात, गुरुजी थकले.

ती दोघे दिसेनाशी झाल्यावर मी घंगाळात हात घातला आणि अर्धीअधिक भरलेली, पण अजून न बुडालेली वाटी बाहेर काढली. तोवरची सारी वर्षे माझे काम ती बुडेपर्यंत पाहत राहणे एवढेच होते.